लग्नाच्या शूटला निघताना बॅगेत काय असावं

लग्नाचं काम शिकायला येणारी बहुतेक मुलं-मुली आधी विचारतात, "कुठला कॅमेरा घेऊ?" मी सांगतो, तुम्हाला हाताळायला सोपा वाटेल तो घ्या, पण कामाला जाताना दोन न्या. मुख्य विधी सुरू असताना शटर अडकलं तर तो क्षण कुणी पुन्हा घडवून देत नाही. त्यामुळे बॅग भरताना प्रत्येक वस्तूबद्दल मी एकच विचार करतो: ही आत्ता बंद पडली, तर हात कशाकडे जाईल?

दुसरी बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा नुसता कॅमेरा, नवी असायची गरज नाही. जुनी, वापरलेली चालेल, पण माउंट (लेन्स बसवायची जागा) तोच हवा आणि जमलं तर बॅटरी व कार्डही तीच लागणारी हवीत. दोन्ही बॉडी अंगावरच असू द्या, एकीवर ३५ किंवा २४-७० मिलिमीटरची लेन्स, दुसरीवर ८५ किंवा ७०-२०० ची (आकडा जितका मोठा, तितकं लांबचं जवळ दिसतं). म्हणजे लेन्स बदलण्यात वेळ जात नाही आणि गर्दीत सेन्सरवर धूळही बसत नाही. निघण्यापूर्वी दोन्ही कॅमेऱ्यांची घड्याळं सेकंदापर्यंत जुळवा, सोबत दुसरा फोटोग्राफर असेल तर त्याचंही. नाहीतर फोटो वेळेनुसार लावताना आधीचे नंतर आणि नंतरचे आधी येतात, आणि हजारो फोटोंमध्ये ते निस्तरणं फार जिकिरीचं होतं.

दोन कार्डांची सोय असलेलीच बॉडी घ्या, यावर मी हटून बसतो. दोन्ही कार्डांवर एकाच वेळी फोटो जातील असं सेटिंग ठेवा. एक भरल्यावर दुसरं सुरू होण्याचं सेटिंग लग्नात कामाचं नाही. २४ मेगापिक्सेलची कॉम्प्रेस्ड रॉ फाइल (सेन्सरने टिपलेला कच्चा फोटो, दाबून लहान केलेला) साधारण २५ ते ३० एमबीची असते, म्हणजे ६४ जीबीच्या कार्डावर दोन हजारांच्या आसपास फोटो मावतात. कार्डावर व्ही६० लिहिलेलं असेल तर सलग लिहिण्याचा वेग सेकंदाला किमान ६० एमबी असतो. फोटोंसाठी तेवढं पुरतं. भरलेली कार्डं बॅगेत नकोत, खिशातल्या डबीत ठेवा. बॅग दिवसभर कुठे ना कुठे टेकवलेली असते.

लेन्सच्या बाबतीत २४-७० आणि ७०-२००, दोन्ही एफ २.८ (हा आकडा जितका लहान, तितकी लेन्स जास्त उघडते), ही व्यावसायिकांची नेहमीची जोडी. एफ ४ वरून एफ २.८ वर आलात की प्रकाश दुप्पट मिळतो. अंधाऱ्या हॉलमध्ये १/१०० सेकंदाच्या शटरला हलणारा चेहरा १/२०० ला स्पष्ट येतो. एफ १.४ ची प्राइम (झूम नसलेली) लेन्स एफ २.८ च्याही चौपट प्रकाश घेते. तरी नवख्यांना माझा सल्ला असा, की आधी ३५ आणि ८५ च्या एफ १.८ लेन्स घ्या आणि ७०-२०० लागेल तेव्हा भाड्याने आणा. ती जड असते, बहुतेक किलोच्या वरच, आणि ती दिवसभर खांद्यावर पेलते का हे वापरल्याशिवाय कळत नाही. अंगठ्यांसाठी मॅक्रो (अगदी जवळून टिपणारी) लेन्स छान, पण सुरुवातीला एक्स्टेन्शन ट्यूबवर (कॅमेरा आणि लेन्सच्या मध्ये बसणाऱ्या पोकळ नळीवर) भागतं.

नवखे सगळ्यात कमी लक्ष देतात ते फ्लॅशकडे, आणि फोटोंमधला खरा फरक तिथेच पडतो. निदान दोन फ्लॅश आणि एक रेडिओ ट्रिगर (दूरचा फ्लॅश उडवणारं यंत्र) हवा. छत पांढरं आणि बेताच्या उंचीचं असेल तर फ्लॅश वर वळवून बाउन्स करा, प्रकाश मऊ पसरतो. छत रंगीत असेल तर तोच रंग चेहऱ्यावर उतरतो, आणि फार उंच किंवा काळं असेल तर प्रकाश परतच येत नाही. तेव्हा दुसरा फ्लॅश स्टँडवर चढवून कोपऱ्यात ठेवावा लागतो. स्टँडच्या पायावर वाळूची पिशवी ठेवाच, लग्नात लहान मुलं धावत असतात. हॉलमध्ये पिवळे दिवे असतील तर फ्लॅशवर नारिंगी जेल (रंगीत पारदर्शक पट्टी) लावा. ते दिवे ३२०० केल्विनच्या (प्रकाशाच्या रंगाचं माप, आकडा लहान तितका रंग पिवळा) आसपास आणि फ्लॅश ५५०० च्या आसपास असतो. जेल नसेल तर चेहरे पांढरे आणि मागचं सगळं नारिंगी दिसतं. फ्लॅशला साधे अल्कलाइन सेल घालू नका, त्यांवर फ्लॅश पुन्हा तयार व्हायला फार वेळ लागतो. रिचार्जेबल एनआयएमएच सेल चार-चारचे संच करून ठेवा, किंवा लिथियम बॅटरीचा फ्लॅश घ्या.

दिव्यांबद्दल आणखी एक. ५० हर्ट्झच्या विजेवर अनेक दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्याला ते जाणवत नाही, पण इलेक्ट्रॉनिक शटरवर (पडदा न हलता सेन्सरच फोटो टिपतो तेव्हा) फोटोत आडवे पट्टे येतात. अशा ठिकाणी मेकॅनिकल शटर आणि १/१०० किंवा १/५० वापरा. ६० हर्ट्झ असेल तर १/१२० च्या जवळचा वेग. एलईडीच्या काही दिव्यांचं लुकलुकणं याहून वेगळं असतं, म्हणून पाहुणे यायच्या आत पोहोचून चाचणीचे फोटो काढा आणि मोठे करून बघा.

मिररलेस (आत आरसा नसलेले) कॅमेरे बॅटरी भराभर संपवतात, तेव्हा प्रत्येक बॉडीमागे दोन जादा ठेवा. विमानाने जाणार असाल तर सुट्या लिथियम बॅटऱ्या केबिनच्या बॅगेतच न्याव्या लागतात. १०० वॉट-अवरपर्यंतच्या साधारणपणे चालतात आणि कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या त्याच्या बऱ्याच खाली असतात. एसीतून दमट हवेत जाताना कॅमेरा थोडा वेळ बंद बॅगेतच राहू द्या, नाहीतर काचेवर बाष्प धरतं. ब्लोअर, मऊ कापड, गॅफर टेप आणि पावसाचं कव्हर बाजूच्या कप्प्यात पडून असू द्या. ट्रायपॉड मी फक्त मोठ्या ग्रुप फोटोसाठी काढतो.

लॅपटॉप आणि दोन हार्ड डिस्कही याच सामानात धरा. कितीही थकलात तरी त्याच रात्री फोटो दोन्ही डिस्कवर उतरवा, मधल्या आणि शेवटच्या काही फाइल उघडून बघा, आणि एक डिस्क दुसऱ्या जागी ठेवा. कार्डं त्यानंतरच फॉरमॅट करा.