कॅसँड्राचा मेलेला नोड बदलताना आधी घड्याळ बघा

मे महिन्यातली दुपार, जळगावात पारा ४४ वर. वीज गेली आणि परत आल्यावर आमच्या सर्व्हरच्या खोलीतला एसी काही सुरू झाला नाही. रावेर-यावलच्या केळीबागांतलं तापमान आणि ओलावा दर दहा मिनिटांनी नोंदवणारा आमचा पाच नोडचा कॅसँड्रा क्लस्टर त्या खोलीत आहे. कॅसँड्रा हा डेटाबेस, नोड म्हणजे त्यातलं एकेक मशीन, आणि क्लस्टर म्हणजे त्यांचा जोडलेला गट. तासाभरात एका डिस्कमधून टक्-टक् आवाज यायला लागला. अमळनेरकडचा सहकारी म्हणाला, "भाऊ, तीन नंबर मरी गया."

तरी बागायतदारांच्या मोबाईलवर आकडे येतच होते. प्रत्येक नोंदीच्या तीन प्रती वेगवेगळ्या नोडवर असतात, आणि कोरम, म्हणजे बहुमताची अट, ठेवला असेल तर तिघांपैकी दोघांचा होकार पुरतो. म्हणून घाई करू नका. मात्र दुसरा नोड पडला तर काही नोंदींचा कोरम तुटेल, तेव्हा काम दुसऱ्या दिवसावरही ढकलू नका.

आधी कुठल्याही जिवंत नोडवर "नोडटूल स्टेटस" ही कमांड चालवा. चांगल्या नोडपुढे "यूएन" दिसतं, पडलेल्यापुढे "डीएन". त्या ओळीतला आयपी, होस्ट आयडी आणि रॅक कागदावर लिहा. त्याशेजारी नोड कधी पडला ती वेळ लिहा. पुढचं सगळं या वेळेवर ठरतं.

नोड बंद असताना त्याच्या वाट्याचं लिखाण बाकीचे नोड "हिंट" म्हणून सांभाळून ठेवतात, पण मूळ सेटिंगप्रमाणे फक्त ३ तास. नुसती वीज गेली असेल आणि तेवढ्या वेळात मशीन उठलं, तर ते आपोआप बरोबरीला येतं. ३ तास उलटले तर परत आल्यावर रिपेअर, म्हणजे प्रती एकमेकींशी ताडून जुळवणं, करावंच लागतं. आणि १० दिवस, म्हणजे ८,६४,००० सेकंद उलटले, तर जुना नोड त्याच्या जुन्या डेटासकट पुन्हा जोडूच नका. कॅसँड्रात नोंद पुसली की तिच्या जागी "पुसली" अशी खूण राहते, आणि या मुदतीनंतर ती खूणही साफ होऊ लागते. उशिरा आलेल्या नोडकडे मूळ नोंद शाबूत असते, ती तो इतरांना वाटतो. विकलेल्या शेताचा सेन्सर यादीतून काढलेला असतो, तो पुन्हा उगवतो. हा घोळ निस्तरायला फार जड जातो.

आमची डिस्कच गेली होती, म्हणून कोरं मशीन आणलं. त्यावर कॅसँड्राची आवृत्ती, क्लस्टरचं नाव, डेटासेंटर, रॅक आणि टोकनची (नोडच्या वाट्याला येणाऱ्या डेटाच्या तुकड्यांची) संख्या जुन्यासारखीच ठेवा. डेटा, कमिटलॉग, हिंट आणि सेव्ह्ड कॅशेसचे फोल्डर रिकामे हवेत. मशीनचं घड्याळ एनटीपीने जुळवा, कारण दोन लिखाणांत उशिराच्या वेळेचं खरं धरलं जातं. सुरू होताना नोड आधी ज्यांच्याशी संपर्क करतो ते नोड म्हणजे सीड. नव्या नोडचा आयपी त्याच्याच सीडच्या यादीत घालू नका, कारण सीड असलेला नोड इतरांकडून डेटा मागून घेत नाही.

मग जेव्हीएमच्या (कॅसँड्रा ज्यावर चालतो त्या जावाच्या) पर्यायांच्या फाइलमध्ये "कॅसँड्रा.रिप्लेस_अ‍ॅड्रेस_फर्स्ट_बूट" यापुढे मेलेल्या नोडचा आयपी लिहा. नव्याचा नव्हे, मेलेल्याचा. आणि त्याआधी "रिमूव्हनोड" चालवू नका. त्याने मेलेल्याचा वाटा बाकीच्यांत वाटला जातो आणि तोच डेटा दोनदा हलतो.

कॅसँड्रा सुरू केल्यावर "नोडटूल नेटस्टॅट्स"मध्ये कुठल्या नोडकडून किती डेटा आला ते दिसतं. उन्हाळ्यात मी "सेटस्ट्रीमथ्रूपुट"ने वेग मुद्दाम उतरवतो. वेळ जास्त लागतो, पण आता सगळा भार उरलेल्या प्रतींच्या डिस्कवर असतो, आणि त्याही त्याच तापलेल्या खोलीत असतात.

सगळे "यूएन" झाले की पुन्हा तो कागद बघा. बदलण्याआधीच नोड ३ तासांहून जास्त बंद असेल, किंवा जुनाच आयपी वापरला आणि डेटा भरायला ३ तासांहून जास्त लागले असतील, तर नव्या नोडवर पूर्ण रिपेअर चालवा. क्लीनअपची, म्हणजे वाट्याबाहेर गेलेला डेटा पुसण्याची, गरज नाही, कारण बाकीच्यांचा वाटा बदललेला नसतो. फाइलमध्ये लिहिलेला पर्याय काढून टाका. मेलेला नोड सीड असेल आणि आयपी बदलला असेल, तर प्रत्येक नोडवरची सीडची यादी दुरुस्त करा. आमच्याकडून एका नोडवर हे राहून गेलं होतं, आणि पुढच्या रीस्टार्टला तो नोड मेलेल्या आयपीलाच हाका मारत बसला.