डाळिंबाची काडी कुंडीत लावताना

खानदेशात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. तेव्हा काडी लावणं म्हणजे ती वाळत घालणंच. पहिला पाऊस जिरला की पेन्सिलीएवढी जाड, वीतभर लांब, चार-पाच डोळ्यांची (कोंब फुटतो त्या जागा) पक्की काडी घ्या. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली, तिरका, वरचा सरळ. म्हणजे उलटी रोवली जात नाही (मी रोवली आहे!). आपली काळी माती एकटी नको, पाणी धरून बुडखा कुजवते. निम्मी वाळू मिसळा, पानं काढून दोन डोळे मातीत जाऊ द्या, कुंडी सावलीत ठेवा. ड्रॅगनफ्रूटचा तुकडा मात्र आठवडाभर सुकवूनच लावा. आंब्याच्या काडीचा नाद सोडा. डाळिंबाच्या काडीला फुटवा दिसला म्हणून ती उपटून बघू नका. डोळे आधी फुटतात, मुळं बऱ्याचदा मागून येतात.