फुकट देत आले, त्याला वर्गणी लावताना

पाच वर्षं दर रविवारी सकाळी सात वाजता मी एक पान पाठवत आले. नागपुरातल्या एखाद्या जागेचं शाईनं काढलेलं चित्र आणि खाली दोन-अडीचशे शब्द. कधी महालातल्या वाड्याचा दरवाजा, कधी इतवारीतली हातगाड्यांची गर्दी, कधी फुटाळ्याच्या काठावरची संध्याकाळ. व्हॉट्सअ‍ॅपवर ६१२ जणांना, एक पैसा न घेता. मागच्या वर्षी गुढीपाडव्यापासून याच पानाला वर्गणी लावली आणि वर्ष संपता संपता १४३ वर्गणीदार झाले. लिहिणारे, चित्रं काढणारे ओळखीतले बरेच जण विचारतात, कसं जमवलं. म्हणून सगळं सविस्तर लिहिते, चुकलं तेही.

किंमत ठरवायच्या आधी एक वही घ्या आणि चार आठवडे फक्त तास लिहा. हिंडण्याचे किती, कच्च्या रेखाटनाचे किती, शाईचे, मजकुराचे, स्कॅन करून पाठवायचे किती. माझे पानामागे सात तास निघाले. मी चार धरून चालले होते. मग वर्षाला किती पानं झेपतील ते बघा. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीच्या आसपास असतो, तेव्हा इतवारीत रस्त्यावर बसून चित्र काढणं होत नाही. म्हणून मेचे चार रविवार सुट्टी, दिवाळीचे दोन. राहिली ४६ पानं. हा आकडा मी पहिल्या दिवशीच सगळ्यांना सांगितला. वर्षाला ६०० रुपये, म्हणजे एक पान १३ रुपयांच्या आसपास पडतं.

सुरुवातीला मात्र मी महिन्याला ५० रुपये ठेवले होते. रक्कम छोटी, लोकांना जड जाणार नाही, असं वाटलं. पण एक तारीख उजाडली की कोणाचे आले, कोणाचे राहिले हे बघत बसायचं, आठवण करून द्यायची, ज्यानं दिलेत त्यालाच चुकून पुन्हा मागायचे आणि मग माफी मागायची. दोन महिन्यांत माझे तीन रविवार वसुलीत गेले. तिसऱ्या महिन्यापासून वार्षिक केलं आणि आधी आलेले पैसे त्यात धरून घेतले. आपल्या वाचकाला वार्षिक वर्गणीची सवय आहे. विदर्भ साहित्य संघाच्या ‘युगवाणी’ या नियतकालिकापासून घरी येणाऱ्या साध्या मासिकापर्यंत तो ती भरत आलेला आहे. फक्त नुसतं ‘वर्गणी’ लिहू नका. आपल्याकडे तो शब्द वाचला की आधी गणपती मंडळ आठवतं, आणि दोघा-तिघांनी मला खरोखरच ‘यथाशक्ती’ म्हणून १०१ रुपये पाठवले. ‘वार्षिक वर्गणी, ४६ पानांची’ असं पूर्ण लिहा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आधी फुकट दिलेलं परत घेऊ नका. पाच वर्षांची जुनी पानं मी गूगल ड्राइव्हवर ठेवली होती, कोणालाही उघडता येतील अशी. वर्गणी सुरू केली तेव्हा वाटलं, हीही फक्त वर्गणीदारांनाच ठेवावीत, आणि मी ती बंद केली. चौथ्या दिवशी गोकुळपेठेतल्या एका निवृत्त शिक्षिकेचा फोन आला. “अगं, मारबतीचं पान नातीला दाखवायचं होतं, ते उघडूनच नाही राहिलं.”

मी म्हटलं, “काकू, जुनी पानं आता वर्गणीदारांसाठी केली आहेत.”

त्या जरा थांबल्या. “पण ते तर तू दिलं होतं नं?”

त्या पानात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघणाऱ्या काळ्या आणि पिवळ्या मारबतीच्या पुतळ्यांचं चित्र होतं. काळी १८८१ पासून निघते, पिवळी १८८५ पासून, आणि ‘घेऊन जा गे मारबत’ म्हणत अख्खं गाव आपली इडापीडा त्यांच्याबरोबर पाठवून देतं. ते पान मी सगळ्यांसाठी काढलं होतं आणि सगळ्यांना दिलं होतं. त्याच संध्याकाळी सगळी जुनी पानं पुन्हा खुली केली. पैसे पुढच्या कामाचे मागायचे. पुढेही महिन्याचा पहिला रविवार मी सगळ्यांसाठी ठेवला आहे, बाकीची पानं वर्गणीदारांना जातात. नवे वर्गणीदार बहुतेक या पहिल्या रविवारातूनच येतात.

निरोप कसा लिहायचा, यावर माझे आठ दिवस गेले. पहिल्या मसुद्यात ‘नाइलाजाने’, ‘क्षमस्व’, ‘आपला गैरसमज नसावा’ असं सगळं होतं. मोठ्या बहिणीला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, “तुझ्या हातून काही चूक झाली का?” मग सगळं खोडलं आणि शेवटी हे गेलं: ‘पाच वर्षं रविवारचं पान तुम्ही आवडीनं वाचलंत. एका पानाला मला सात तास लागतात. हे काम पुढे चालू राहावं म्हणून गुढीपाडव्यापासून वर्गणी ठेवते आहे. महिन्याचं पहिलं पान सर्वांसाठी खुलं राहील.’ रक्कम, कशी भरायची, शेवटची तारीख. संपलं. हा निरोप सलग तीन रविवार पाठवा, कारण पहिल्या वेळी निम्मे लोक वाचतच नाहीत. पण खरं काम एकेकाला लिहिलेल्या निरोपानं होतं. पान मिळालं की आवर्जून उत्तर देणारे साठ जण होते. त्यांना प्रत्येकाला नावानं, त्यांच्या आवडीच्या पानाची आठवण काढून लिहिलं. पहिल्या आठवड्यात ४१ वर्गण्या आल्या, त्यातल्या ३३ या साठांतल्या होत्या.

पैसे यूपीआयनं घ्या, एका खात्यातून दुसऱ्या खात्यात थेट आले की काही कापलं जात नाही. पेमेंट गेटवेमधून ऑटोपे, म्हणजे ठरल्या वेळी पैसे आपोआप कापले जाण्याची सोय, लावता येतं, आणि १५,००० रुपयांपर्यंतच्या हप्त्याला दर वेळी पिन टाकावा लागत नाही. पण पैसे कापायच्या किमान चोवीस तास आधी सूचना जाते, आणि माझे बरेच वाचक साठीच्या पुढचे. अशा मेसेजनं ते घाबरतात, फसवणूक समजतात. वर्षातून एकदा हातानं भरलेलं त्यांना बरं वाटतं.

एक अडचण मला आधी कोणी सांगितली नव्हती. वाचणारी सासू, पैसे सुनेच्या मोबाइलवरून. वाचक नागपूरचा, पैसे पुण्याच्या मुलाच्या खात्यातून. पहिल्या आठवड्यात ११ जणांचे पैसे आले आणि ते कोणाचे हे मला कळेना. म्हणून पैसे पाठवताना शेऱ्याच्या जागी वाचकाचं नाव लिहायला सांगा आणि स्क्रीनशॉट मागवा. वहीत नाव, तारीख आणि बारा आकडी व्यवहार क्रमांकाचे शेवटचे चार आकडे लिहा. त्यासाठी बचत खातं वेगळं काढा. हे उत्पन्न विवरणपत्रात दाखवावं लागतं, तेव्हा वेगळं खातं फार कामी येतं. सेवा देणाऱ्याला वर्षाला २० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटीची नोंदणी लागत नाही, त्यामुळे एवढ्या कामाला त्याची काळजी नको.

व्हॉट्सअ‍ॅपच्या एका ब्रॉडकास्ट यादीत (एकच निरोप अनेकांना वेगवेगळा पाठवायची यादी) २५६ नावं बसतात, आणि ज्यानं तुमचा नंबर सेव्ह केला आहे त्यालाच निरोप पोहोचतो. वर्गणी भरूनही पान न मिळालेल्यांपैकी बहुतेकांचा घोळ इथेच होता. पैसे मिळाल्याच्या उत्तरातच ‘नंबर सेव्ह केला का?’ हे विचारून घ्या. पान पुढे कोणाला पाठवू नका म्हणून कोणाच्या मागे लागू नका. आईनं मुलीला पाठवायचं ते पाठवणारच. पानाच्या खालच्या कोपऱ्यात आपलं नाव आणि वर्गणी कुठे भरायची ते असू द्या.

जास्तीचं काही कबूल करताना मात्र हात आवरा. दिवाळीला प्रत्येक वर्गणीदाराला हातानं काढलेलं पोस्टकार्ड देईन, असं मी म्हणून बसले. एका कार्डाला वीस मिनिटं धरली तरी सव्वाशे कार्डांचे चाळीस तासांच्या वर होतात. सुट्टीचे दोन्ही रविवार त्यातच गेले आणि बोटं आखडली. यंदा एकच चित्र छापून घेणार आहे, त्यावर नाव तेवढं हातानं लिहीन.

काही जण दुखावले. ‘मोबाइलवरच्या चित्राचे कसले पैसे’ असंही कोणी लिहिलं. त्यांना मी एकदाच उत्तर दिलं आणि यादीतून कोणालाच काढलं नाही. विद्यार्थ्यांसाठी २० जागा विनावर्गणी आहेत, पुरावा मागत नाही. मध्येच कोणी नको म्हणालं तर उरलेल्या महिन्यांचे पैसे त्याच दिवशी परत करते. आतापर्यंत दोघांना केले.

सगळ्यांचं वर्ष पाडव्यालाच संपेल असं बघा. मध्ये येणाऱ्याकडून उरलेल्या महिन्यांचे ५० प्रमाणे घ्या, म्हणजे नूतनीकरण एकाच पंधरवड्यात उरकतं. या पाडव्याला १४३ पैकी ११८ जणांनी पुन्हा भरली. राहिलेल्या २५ जणांना एकच निरोप पाठवला, आठ दिवस वाट पाहिली आणि त्यांची नावं पहिल्या रविवारच्या यादीत परत लिहिली.