जुनी लेन्स, नवी लेन्स: तुलना करण्याआधी टॉर्च घ्या

जुन्या बाजारात घेतलेल्या हेलिओस ४४-२ या सोव्हिएत काळातल्या लेन्सवर मी सहा महिने भाळले होते. काय तो मऊपणा, काय ते दुधाळ ऊन! मग एका दुरुस्तीवाल्या काकांनी टॉर्च मारून दाखवलं: मागच्या काचेवर धुरकट थर आणि कडेला बुरशी. लेन्स साफ झाली आणि तो दुधाळपणा बराचसा गेला. म्हणून आधी अंधारात टॉर्च तिरका धरून लेन्सच्या आरपार बघा. पुण्याच्या पावसाळ्यात कपाटात राहिलेली लेन्स तर नक्कीच तपासा. काचेचा स्वभाव वेगळा आणि काचेचा आजार वेगळा.

मी ही ५८ मिमी एफ/२ लेन्स निकॉनच्या नव्या झेड ५० मिमी एफ/१.८ एस शेजारी लावून बघते. (एफ म्हणजे लेन्सच्या छिद्राचा आकडा: आकडा लहान, तर छिद्र मोठं.) हेलिओसमध्ये ६ काचा आहेत, निकॉनमध्ये १२. अ‍ॅडाप्टर, म्हणजे जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्याला जोडणारी कडी, लावून कॅमेरा मात्र एकच वापरा, तोही फुल फ्रेम (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरचा), कारण हेलिओसची सगळी गंमत कडांना आहे. रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली), ट्रायपॉड, व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल) हाताने ठरवलेला. ऑटोवर ठेवलात तर दोन काचांच्या रंगातला फरक कॅमेराच पुसून टाकतो.

पहिली चाचणी एम्प्रेस गार्डनमध्ये, सकाळी. आईला बसवते आणि तिच्या मागे सात-आठ मीटरवर दाट झाडी ठेवते, पानांतून कवडसे येणारी. हेलिओस पावणेदोन मीटरवर, ५० मिमी दीड मीटरवर. म्हणजे चेहरा दोन्हींत सारखाच मोठा येतो. दोन्ही एफ/२ वर. हेलिओसमध्ये मधले कवडसे गोल, पण कडेला जाताना ते बदामाच्या आकाराचे होतात आणि भोंडल्यासारखा आईभोवती फेर धरतात. तिरपे येणारे किरण लेन्सच्या नळीच्या कडेला अडतात, म्हणून गोलाचा बदाम होतो. त्यात कडांच्या फोकसचे दोष मिसळतात आणि पार्श्वभूमी गरगरते. आता एफ/४ करा: फेर मोडतो, आणि छिद्राच्या आठ पात्यांमुळे कवडसे अष्टकोनी होतात. छिद्र बदललं की फोकस पुन्हा, पडद्यावर चित्र मोठं करून बघून करा. निकॉनमध्ये पार्श्वभूमी शांत राहते. मला पोर्ट्रेटला हेलिओसच आवडते, पण गर्दीच्या झाडीत ती चेहऱ्यावर मात करते, हेही खरं.

दुसरी चाचणी संध्याकाळी, पर्वतीवर. सूर्य चौकटीच्या जरा बाहेर ठेवा. हेलिओसच्या काचांवरच्या चमक कमी करणाऱ्या एकपदरी लेपामुळे काळे भाग करडे होतात; निकॉनमध्ये ते काळेच राहतात. लेन्सवर हाताची सावली धरून आणखी एक फोटो घ्या, म्हणजे किती फरक काचेवर थेट पडणाऱ्या उन्हामुळे आहे ते समजतं.

विश्रामबागवाड्याच्या कोरीव लाकडी दर्शनी भागावर धार तपासता येते. कोपरे मऊ दिसले तर लगेच लेन्सला दोष देऊ नका. कोपऱ्यावर फोकस करून पुन्हा घ्या. तो स्पष्ट झाला, तर लेन्सचं फोकसचं प्रतल सपाट नाही, वाकलेलं आहे एवढंच.

हेलिओस आपलं नाव किंवा छिद्राचा आकडा फाइलमध्ये नोंदवत नाही. प्रत्येक संचाआधी चिठ्ठीवर लेन्स आणि आकडा लिहून तिचाच एक फोटो घ्या.