ट्यूमरच्या अभ्यासात पेट आणि प्रकाशीय प्रतिमा एकत्र वापरताना या चुका टाळा

उंदरांमधील ट्यूमरचा अभ्यास करताना पेट स्कॅन (शरीरात टोचलेल्या किरणोत्सर्गी द्रव्यामुळे निघणारे किरण टिपणारी तपासणी) आणि प्रकाशीय प्रतिमा (गाठीतून येणारा प्रकाश कॅमेऱ्याने टिपणारी) यांची सांगड घातली जाते, तेव्हा सर्वांत महागात पडणारी चूक निकाल वाचताना होते. दोन्ही प्रतिमा एकच गोष्ट मोजतात असे गृहीत धरले जाते. पेटमधील ५११ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे गॅमा किरण उंदराच्या शरीरातून फारसे न अडता बाहेर पडतात. दृश्य प्रकाश मात्र काही मिलिमीटर ऊतींतच मोठ्या प्रमाणात शोषला आणि विखुरला जातो. त्यामुळे त्वचेखालची लहान गाठ तेजस्वी आणि यकृतामागची मोठी गाठ मंद दिसली, तर त्या उजेडावरून गाठींच्या आकाराची तुलना करू नये.

ल्युसिफेरेज, म्हणजे गाठीच्या पेशींना प्रकाश निर्माण करायला लावणारे विकर, याच्या बाबतीत गुंतागुंत अधिक आहे, आणि तिच्याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. उंदराला दिलेल्या ल्युसिफेरिन या द्रव्यापासून ते प्रकाश निर्माण करते; त्यासाठी प्राणवायू आणि एटीपी (पेशीतील ऊर्जावाहक रेणू) दोन्ही लागतात. गाठीच्या मध्यभागी रक्तपुरवठा अपुरा पडला की तेथील प्रकाश मंदावतो. उलट, प्राणवायू कमी मिळणाऱ्या पण जिवंत असलेल्या पेशी एफडीजी (पेटसाठी टोचले जाणारे, किरणोत्सर्गी फ्लोरिन-१८ असलेले साखरेसारखे द्रव्य) अधिक प्रमाणात ओढून घेऊ शकतात. म्हणून औषधोपचारानंतर प्रकाश घटला आणि पेटचा संकेत टिकून राहिला, तर एक पद्धत चुकली असा निष्कर्ष घाईने काढू नये. त्याच गाठीचे छेद सूक्ष्मदर्शकाखाली तपासावेत. एफडीजी दाहातील पेशींमध्येही साठते. पेटचा संकेत त्यांचाच आहे का, हेही त्या छेदांतून समजते.

प्रतिमा घेण्याचा क्रमही आधी ठरवावा. एफडीजीतील फ्लोरिन-१८ मधून निघणारे पॉझिट्रॉन (धनभारित कण) ऊतींमध्ये क्षीण चेरेन्कोव्ह प्रकाश (अतिवेगवान भारित कणांमुळे उमटणारा प्रकाश) निर्माण करतात. तो निळ्या रंगाकडे अधिक असला तरी लाल भागापर्यंत पसरलेला असतो, आणि ल्युसिफेरेजचा संकेत कमी असेल तर त्यात बेमालूम मिसळतो. प्रकाशीय प्रतिमा एफडीजी टोचण्यापूर्वी घेणे उत्तम. ते शक्य नसल्यास ल्युसिफेरिन देण्याआधीची प्रतिमा वजा करावी, आणि तसे करताना फ्लोरिन-१८ चे सुमारे ११० मिनिटांचे अर्धायुष्य (किरणोत्सर्ग निम्मा होण्याचा काळ) हिशेबात धरावे.

प्रतिदीप्ती (बाहेरून प्रकाश टाकल्यावर रंगद्रव्याने परत सोडलेला प्रकाश) वापरत असाल तर उंदरांचे खाद्य पाहा. लसूणघास असलेल्या खाद्यातील हरितद्रव्य आतड्यात ६७० नॅनोमीटरच्या आसपास चमकते आणि पोटातील गाठीचा भास निर्माण करते. काही दिवस आधीपासून लसूणघासविरहित खाद्य द्यावे, किंवा ८०० नॅनोमीटरजवळ प्रकाशणारे रंगद्रव्य निवडावे.

एकाच प्रतिपिंडाला (विशिष्ट रेणूला चिकटणाऱ्या प्रथिनाला) झिर्कोनियम-८९ (पेटमध्ये दिसणारा किरणोत्सर्गी धातू) आणि रंगद्रव्य दोन्ही जोडताना, उजेड वाढावा म्हणून रंगद्रव्याचे रेणू भरमसाट चढवले जातात. ते एकमेकांचाच प्रकाश विझवतात, शिवाय असे प्रतिपिंड यकृतात अधिक अडकते. प्रत्येक प्रतिपिंडामागे सरासरी एक ते दोन रेणू पुरेसे असतात. रंगद्रव्यासह आणि रंगद्रव्याविना अशा दोन्ही रूपांचे अवयवांतील वितरण किरणोत्सर्ग मोजून ताडून पाहिल्याशिवाय पुढचा प्रयोग करू नये. आणखी एक सावधगिरी: सुटे झालेले झिर्कोनियम हाडांत जाऊन बसते, त्यामुळे पेटमध्ये हाडे उजळली पण तेथे रंगद्रव्याचा मागमूस नसेल, तर मेटास्टॅसिसचा (कर्करोग इतरत्र पसरल्याचा) निष्कर्ष काढण्याआधी जोडणी किती टिकाऊ आहे ते तपासावे.