सुरसागरात मोडेम उतरवण्यापूर्वीची तयारी

बडोद्याला समुद्र नसल्यामुळे पाण्याखालील ध्वनिसंदेशनाची, म्हणजे ध्वनीतून संदेश पाठवणाऱ्या आणि घेणाऱ्या मोडेमची, चाचणी सुरसागर तलावात किंवा आजवा सरोवरात घ्यावी लागते. सुरसागर हाताशी असला तरी दोहोंत अवघड तोच, कारण त्याचे काठ दगडांनी बांधलेले आहेत. समुद्रात उच्च वारंवारतेचा ध्वनी मॅग्नेशियम सल्फेटमुळे बराच शोषला जातो. गोड्या पाण्यात ती सोय नाही, त्यामुळे प्रतिध्वनी रेंगाळत राहतो. हायड्रोफोनच्या (पाण्यातील मायक्रोफोनच्या) मागे ७५ मीटरवर भिंत असेल, तर तिच्यावर आपटून येणारा ध्वनी १५० मीटर जादा अंतर कापून, सेकंदाला सुमारे १५०० मीटर या वेगाने, एक दशांश सेकंद उशिरा पोहोचतो. संदेशाची गती सेकंदाला १००० बिट असेल तर तो पुढच्या शंभराव्या बिटावर जाऊन पडतो. म्हणून तलावाच्या नकाशावर भिंतींची अंतरे आधीच मोजून ठेवावीत, आणि जागेवर गेल्यावर प्रथम संदेश न पाठवता वारंवारता चढत जाणारा एक छोटा ध्वनी सोडून त्याचे पडसाद किती वेळ येतात ते नोंदवावे. दोन चिन्हांमधील (संदेशाच्या लागोपाठच्या ध्वनितुकड्यांमधील) मोकळा अवधी त्याहून मोठा ठेवावा. तो परवडत नसेल तर इक्वलायझरची, म्हणजे पडसादांची भेसळ गणिताने दूर करणाऱ्या प्रक्रियेची, तयारी हवी. संदेश पोहोचत नाही असे दिसताच शक्ती वाढवण्याचा मोह होतो, पण शक्तीबरोबर प्रतिध्वनीही तितकाच चढतो, तेव्हा तो मोह टाळलेलाच बरा.

आदल्या संध्याकाळी हायड्रोफोन पाण्याच्या बादलीत सोडून, प्रेषक बंद ठेवून, वर्णपट, म्हणजे कोणत्या वारंवारतेचा आवाज किती आहे ते दाखवणारा आलेख, पाहावा. ५० हर्ट्झची गुणगुण किंवा वीजपुरवठ्याच्या स्विचिंगची सरळ रेघ तिथे दिसली, तर दोष तलावाचा नव्हे, आपल्याच पेटीचा आहे. लॅपटॉपचा चार्जर काढून सर्व उपकरणे बॅटरीवर चालवावीत आणि केबलचे आवरण एकाच टोकाला जमिनीशी जोडावे. ट्रान्सड्यूसर, म्हणजे विजेच्या संकेताचा ध्वनी करणारा भाग, साबणाच्या पाण्याने पुसून घ्यावा. त्याच्या अंगाला चिकटलेले हवेचे बुडबुडे ध्वनी अडवतात आणि बाहेरून सहसा लक्षातही येत नाहीत.

आजव्याला जायचे असल्यास पाणी शहराला पिण्यासाठी जाते, तेव्हा महानगरपालिकेची लेखी परवानगी घ्यावी; तिथे मगरी आहेत, म्हणून केबल अडकली तरी कोणीही पाण्यात उतरू नये. होडीचे इंजिन आणि खोली मोजण्याचे यंत्र बंद ठेवावे. होडी सेकंदाला अर्धा मीटर सरकली तरी २५ किलोहर्ट्झची वारंवारता सुमारे ८ हर्ट्झने सरकते, यासाठी दोन नांगर न्यावेत. चाचणी सकाळी लवकर घ्यावी, कारण दुपारी वरचे पाणी तापले की ध्वनी तळाकडे वळतो. तापमान मात्र दर मीटर खोलीला मोजून वहीत उतरवावे. प्रत्येक संदेशाच्या आधी आणि नंतर एक मिनिट नुसता तलाव ध्वनिमुद्रित करावा, म्हणजे मधेच एखादा पंप सुरू झाला असेल तर त्याचा दोष मोडेमच्या माथी येणार नाही.