आईबाबांच्या घरी राहताना जॉबसीकर्स अलाउन्स: आयर्लंडमधल्या मराठी घरांसाठी

मुलाचं शिक्षण संपलंय किंवा नोकरी गेलीय, वय पंचविशीच्या आत आहे आणि तो आईबाबांच्याच घरी राहतोय. आयर्लंडमधल्या मराठी घरांत अशा वेळी जॉबसीकर्स अलाउन्सचा, म्हणजे नोकरी शोधणाऱ्याला उत्पन्न तपासून मिळणाऱ्या सरकारी भत्त्याचा, विषय निघाला की दोन गोष्टी ऐकू येतात. एक, ‘आपल्याला कुठलं मिळणार, आपण दोघंही कमावतो.’ आणि दुसरी, जरा हळू आवाजात, ‘सरकारकडे हात कशाला पसरायचा?’ पहिलीचं उत्तर कागदावर गणित मांडून मिळतं. दुसरीचं उत्तर तुमच्याच पेस्लिपवर आहे, दर वेळी पीआरएसआय (सामाजिक विम्याची वर्गणी) आणि टॅक्स कापला जातो त्या ओळींत. ही मदत त्याच व्यवस्थेचा भाग आहे. संकोचापायी महिना घालवू नका. उशिरा केलेल्या अर्जाचे मागचे पैसे सहसा मिळत नाहीत.

सगळ्यात आधी मुलाचा स्टॅम्प, म्हणजे इथे राहण्याच्या परवान्याचा प्रकार, बघा. स्टॅम्प 2 वरच्या विद्यार्थ्याला हा भत्ता नाही. स्टॅम्प 3 वर नोकरीच करता येत नाही, म्हणून ‘कामासाठी उपलब्ध’ ही अट तिथेच अडते. आपल्याकडे अर्ज करणारी बहुतेक मुलं आयरिश नागरिक किंवा स्टॅम्प 4 वरची असतात.

नागरिक असला तरी हॅबिच्युअल रेसिडेन्सची, म्हणजे कायमचा मुक्काम इथेच असल्याची, अट सुटत नाही. इथे वाढून एमबीबीएस किंवा इंजिनिअरिंगसाठी पुण्याला-नागपूरला गेलेली आणि आता परतलेली मुलं नेमकी इथे अडकतात. अधिकारी पाच गोष्टी तपासतात: इथला मुक्काम किती आणि किती सलग, बाहेर किती काळ आणि कशासाठी होतात, नोकरीचा इतिहास, आयुष्याचं मुख्य केंद्र कुठे, आणि पुढचा बेत काय. परतीचं तिकीट नसलेला प्रवास, तिकडची खोली सोडल्याचा कागद, इथलं बँक खातं, इथे केलेले नोकरीचे अर्ज हे सगळं जोडा. नुसतं ‘आता इथेच राहणार’ असं लिहून भागत नाही.

मुलाने आधी नोकरी केली असेल तर अलाउन्सकडे वळण्यापूर्वी पीआरएसआयचे आठवडे मोजा. 31 मार्च 2025 पासून पूर्ण बेकार झालेल्यांसाठी जॉबसीकर्स पे-रिलेटेड बेनिफिट, म्हणजे आधीच्या पगारावर ठरणारा भत्ता, सुरू झालंय. त्याला इतर अटींसोबत किमान 104 भरलेले आठवडे लागतात, पण मीन्स टेस्ट (उत्पन्नाची तपासणी) नाही, म्हणजे आईबाबांचा पगार कोणी विचारत नाही. ते बसत असेल तर आधी तेच घ्या.

आता गणित. वय 18 ते 24 असेल तर अलाउन्सचा कमाल दर 2025 मध्ये आठवड्याला 153.70 युरो होता. 25 आणि पुढे 244 युरो. पंचविशीच्या आत आणि आईबाबांच्या घरी, असं असलं की ‘बेनिफिट अँड प्रिव्हिलेज’ नावाची आकारणी लागते, म्हणजे घरी राहण्याचा फायदा मुलाचं उत्पन्न म्हणून धरतात. आईबाबांच्या उत्पन्नातून टॅक्स, पीआरएसआय, पेन्शनची वर्गणी आणि घराचा हप्ता किंवा भाडं वजा होतं. मग दोन पालक असतील तर 600 युरो, एकच असेल तर 470, आणि धाकट्या शाळकरी भावंडामागे 30 युरो वजा. उरलेल्याचे 34 टक्के म्हणजे मुलाचं ‘मीन्स’.

बाबांच्या हातात महिन्याला 3,600 युरो येतात आणि आई अर्धवेळ काम करून आठवड्याला 420 आणते, असं धरा. महिन्याला सरळ चाराने भागू नका. 12 ने गुणा आणि 52 ने भागा. चाराने भागलं तर 900 येतात, बरोबर आकडा 830.77 आहे, आणि तो फरक तुमच्याच विरुद्ध जातो. दोघांचे मिळून 1,250.77. घराचा हप्ता महिन्याला 1,560, म्हणजे आठवड्याला 360; तो वजा करून 890.77. त्यातून 600 आणि शाळेतल्या बहिणीचे 30 गेले की 260.77 उरतात. त्याचे 34 टक्के 88.66. 2025 च्या 153.70 मधून ते गेले की हातात साधारण 65 युरो येतात.

याच घराने हप्त्याचा कागद जोडला नाही, तर मीन्स 211 च्या पुढे जातं आणि भत्ता 40 युरोवर उतरतो. एका विसरलेल्या बँक स्टेटमेंटमुळे दर आठवड्याला 25 युरो जातात. आणि ते 40 तरी का? केवळ आईबाबांच्या पगारामुळे भत्ता 40 च्या खाली जात असेल तर तो 40 वर थांबवतात. म्हणून ‘आमचा पगार जास्त, काहीच मिळणार नाही’ हे गृहीत धरू नका. चाळीस युरोंसोबत दावा चालू राहतो. पुढे 21 वर्षांवरच्या मुलाला बॅक टू एज्युकेशन अलाउन्स घेऊन कॉलेजला जायचं असेल तर तीच नोंद लागते: शालेय पातळीच्या कोर्सला तीन महिने, पदवीला नऊ.

मुलाच्या नावावरचे पैसे वेगळे मोजतात. आजोबांनी नातवाच्या नावाने गावच्या बँकेत ठेवलेली मुदत ठेव, वडिलोपार्जित जमिनीत सातबाऱ्यावर लागलेलं नाव, हे लपवायचं नाही. पहिले 20,000 युरो मोजत नाहीत. पुढच्या 10,000 वर हजारामागे आठवड्याला 1 युरो, त्यापुढच्या 10,000 वर 2, आणि वर 4. म्हणजे 34,000 ची ठेव आठवड्याला 18 युरो उत्पन्न धरली जाते. सांगितली तर 18 कापतात. लपवली आणि नंतर सापडली, तर सगळं परत मागतात.

अर्ज मायवेल्फेअर या सरकारी संकेतस्थळावर किंवा यूपी 1 फॉर्मने इन्ट्रिओ सेंटरमध्ये, म्हणजे भत्ते देणाऱ्या सरकारी कार्यालयात, करता येतो. मुलाचा पीपीएस नंबर, पब्लिक सर्व्हिसेस कार्ड, आयआरपी कार्ड (निवास परवान्याचं कार्ड) किंवा पासपोर्ट, पत्त्याचा पुरावा आणि जुन्या मालकाचं नोकरी संपल्याचं पत्र काढून ठेवा. विजेचं बिल आईबाबांच्या नावावर असतं, म्हणून ‘हा आमच्याकडे राहतो’ असं त्यांच्या सहीचं पत्रही जोडा. आईबाबांच्या अलीकडच्या पेस्लिपा आणि रेव्हेन्यूच्या (टॅक्स खात्याच्या) संकेतस्थळावरून वर्षाचा पगाराचा उतारा घ्या. आई नर्स असेल आणि त्या पेस्लिपांमध्ये नाइट ड्यूटी, ओव्हरटाइम भरून असेल, तर वर्षभराचा उतारा मुद्दाम द्या. नाहीतर चांगला महिनाच नेहमीचा धरला जाईल. आईबाबांनी माहिती द्यायला टाळाटाळ केली की अर्ज तिथेच अडतो, म्हणून घरात हे बोलणं आधी व्हायला हवं.

शाळा सोडल्यावर पहिले तीन महिने अलाउन्स मिळत नाही, आणि कॉलेज चालू असताना उन्हाळ्याच्या सुट्टीतही सहसा नाही. नोकरी स्वतःहून सोडली असेल तर नऊ आठवड्यांपर्यंत थांबवू शकतात. कारण योग्य होतं तर ते लेखी द्या. मंजूर झाल्यावरही पहिले तीन दिवस पैशाविना असतात. पैसे बहुधा पोस्टात, कार्ड दाखवून, मुलाला स्वतः जाऊन घ्यावे लागतात. आई जाऊन आणू शकत नाही. कुठे कुठे अर्ज केले याची तारखेसह वही ठेवा, कारण बोलावणं आलं की तीच मागतात.

आठवड्यातले काही दिवस काम मिळालं तर नाकारू नका. सातांपैकी चार दिवस बेकार असायला हवं, आणि दोन तास काम केलं तरी तो दिवस कामाचाच. कमाईतून दर कामाच्या दिवसाचे 20 युरो, कमाल तीन दिवसांपर्यंत, सोडून उरलेल्याचे 60 टक्के मुलाचं उत्पन्न म्हणून धरतात. म्हणून रोज दोन-दोन तासांपेक्षा तीन सलग दिवस मागून घ्या.

निर्णयाचं पत्र आलं की बेनिफिट अँड प्रिव्हिलेजचा आकडा शोधा आणि स्वतःच्या गणिताशी ताडून बघा. जुळत नसेल तर पत्रातल्या मुदतीत पुनर्विचार किंवा अपील मागा आणि हप्त्याचा कागद पुन्हा लावा. बाबांचा ओव्हरटाइम बंद झाला, आईची नोकरी गेली, तरी लगेच कळवा. भारतात जायचं असेल तर वर्षाला फक्त दोन आठवडे चालतात, तेही आधी कळवून. महिनाभराच्या गणपती-दिवाळीत उरलेले आठवडे कोरडे जातात. आणि पंचविसाव्या वाढदिवसाची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. त्या दिवसापासून आईबाबांचं उत्पन्न धरत नाहीत आणि मोठा दर लागतो. तो बदल झाला का, हे पुढच्याच आठवड्यात पोस्टातल्या पावतीवर बघा, आणि झाला नसेल तर इन्ट्रिओला लेखी कळवा.